खाणे सोडलेला चिंचिला: घरचे प्रथमोपचार आणि सिरिंजने भरवण्याची पद्धत

चिंचिलाने, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या या लहान, दाट केसांच्या कुरतडणाऱ्या प्राण्याने, एक रात्र काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाब तातडीची मानावी. कुत्र्यामांजरांचा एखाद-दुसऱ्या दिवसाचा उपास बहुधा निभावून जातो. चिंचिलाचे तसे नाही. गवतातला चोथा त्याच्या सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत, सूक्ष्मजीवांकडून आंबवला जातो आणि हा चोथा सतत आत येत राहिला तरच आतडी हलती राहतात. चोथा थांबला की आतडी मंदावतात, आत वायू साचतो, पोट दुखू लागते आणि पोट दुखते म्हणून प्राणी आणखी कमी खातो. त्यातच चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर पडायला एकच वाट उरते. सिरिंजने भरवून हे चक्र रोखता येते. मात्र ते मुळात कशाने सुरू झाले, हा प्रश्न तसाच राहतो. दाढा वाढल्या असतील, उष्णता बाधली असेल, कुठे दुखापत झाली असेल किंवा चुकीचे औषध पोटात गेले असेल. म्हणून पुढे सांगितलेले सर्व उपाय पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत आणि तिथून परतल्यावर करायचे आहेत. पशुवैद्याऐवजी करायचे नाहीत.

आधीची तयारी

पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही बहुतेक दवाखान्यांत कुत्री आणि मांजरेच येतात, त्यामुळे ससे आणि गिनीपिग नियमित तपासणारा डॉक्टर कोण, हे प्राणी ठणठणीत असतानाच विचारून घ्यावे. परदेशात राहणाऱ्यांना असा डॉक्टर सहज मिळतो, पण रात्री-अपरात्री कोणता दवाखाना उघडा असतो, ही चौकशी त्यांनीही करून ठेवावी. डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: चिंचिलाला भूल देऊन दाढा तपासण्याचा अनुभव आहे का, आणि कवटीचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का. या दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर दुसरा पत्ताही हाताशी असू द्यावा.

घरी ठेवायच्या वस्तूंमध्ये सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. प्रौढ चिंचिलाचे वजन साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असते, माद्या याहून जड असू शकतात. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, काट्यावर डबा ठेवून त्यात प्राण्याला बसवावे आणि आकडा वहीत लिहावा. केस इतके दाट असतात की नुसत्या डोळ्यांना बारीकपणा कळत नाही; हाताला कणा लागू लागतो, तेव्हा बरेच दिवस निघून गेलेले असतात. नेहमीच्या वजनात १० टक्के घट, म्हणजे ५०० ग्रॅमच्या प्राण्यात ५० ग्रॅमची घट, गंभीर समजावी.

काट्याबरोबर पुढील वस्तू एका डब्यात असाव्यात: १ मिलीच्या सुया काढलेल्या पाच-सहा सिरिंज, शाकाहारी प्राण्यांसाठीच्या रिकव्हरी फूडचे एक न फोडलेले पाकीट (ऑक्सबोचे क्रिटिकल केअर हे त्यांतले सर्वांत परिचित, लाफेबरचे एमरेड हर्बिव्होरही चालते), निर्जंतुक सलाईन, गॉज, कापसाच्या काड्या, नखाचे रक्त थांबवणारी पावडर किंवा तिच्याऐवजी कॉर्नफ्लोअर, दोन मऊ टॉवेल, गरम पाण्याची पिशवी आणि प्रवासाचा कडक पिंजरा. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवाव्यात.

काय पाहावे

प्रथम लेंड्या पाहाव्यात. निरोगी चिंचिलाच्या लेंड्या भरीव, गडद तपकिरी, एकसारख्या आकाराच्या आणि जवळपास वासरहित असतात, आणि रात्रीत त्यांचा सडा पडतो. त्या लहान, टोकदार, कोरड्या किंवा विरळ झाल्या, तर खाणे कमी झाले आहे असे समजावे, मग समोरची वाटी कितीही रिकामी दिसो. कारण दाढा दुखणारा प्राणी दाणे तोंडात घेऊन कुरतडतो आणि चुरा खाली टाकतो. यासाठी पिंजऱ्याच्या तळाला रात्रीपुरता पांढरा कागद किंवा फिकट रंगाची फ्लीस अंथरून सकाळी लेंड्या आणि चुरा दोन्ही पाहावेत.

नंतर हनुवटी आणि पुढच्या पायांची आतली बाजू पाहावी. तिथले केस ओले, चिकट किंवा जटा झालेले असतील, तर लाळ गळते आहे, आणि लाळ गळणे म्हणजे जवळजवळ नेहमीच दातांचे दुखणे. चिंचिलाचे सर्व २० दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला ५ ते ७.५ सेंटीमीटर वाढतात आणि दाढाही वाढतात. पुढचे दात पिवळसर-नारिंगी आणि सरळ दिसतात म्हणून दाढा ठीक आहेत, असे मानू नये. दाढांच्या कडा गालात किंवा जिभेत रुतलेल्या असू शकतात आणि त्यांची मुळे उलट दिशेने जबड्यात किंवा डोळ्याच्या खोबणीकडे वाढलेली असू शकतात. एका डोळ्यातून सतत पाणी येणे हे त्याचे एक लक्षण आहे.

शेवटी पोट आणि बसण्याची ढब. पाठ वर काढून, डोळे अर्धे मिटून, कोपऱ्यात दात करकरवत बसलेला चिंचिला वेदनेत असतो. पोटाला बोटांनी हलकेच स्पर्श करावा: मऊ असेल तर ठीक, ताणून घट्ट झाले असेल तर पोटफुगी आहे आणि अशा वेळी भरवण्याचा विचार सोडून थेट दवाखाना गाठावा. कान गार पडले असतील आणि प्राणी गळून गेला असेल, तर शरीराचे तापमान उतरले आहे. कान लालभडक, गरम आणि शिरा फुगलेले असतील, तर उष्माघात. नेहमीचे तापमान ३७ ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पण सवय नसताना गुदद्वारातून ते मोजण्याचा खटाटोप घरी करू नये.

उष्माघात

आपल्याकडे चिंचिला दगावण्याचे सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण हेच आहे. हा प्राणी चिलीतल्या अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या खडकाळ उतारांवरचा. आज घरोघरी पाळले जाणारे चिंचिला बहुतांशी मॅथियास चॅपमन या अमेरिकन माणसाने १९२३ मध्ये चिलीहून कॅलिफोर्नियात नेलेल्या मोजक्या प्राण्यांचे वंशज आहेत. इतक्या पिढ्या पिंजऱ्यात काढूनही त्याच्या शरीराला उष्णता सोसायची सवय झालेली नाही. त्याला घाम येत नाही आणि एकेका केसमुळातून ५० हून अधिक केस निघत असल्याने उष्णता अंगाबाहेर पडत नाही. मोठे, विरळ केसांचे कान हाच काय तो मार्ग.

१५ ते २१ अंशांत तो सुखात असतो आणि २५ अंशांच्या पुढे धोका सुरू होतो. परदेशातले पाळणारे एक ढोबळ हिशेब वापरतात, तो आपल्याकडेही उपयोगी आहे: फॅरनहाइटमधले तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १५० च्या वर जाऊ देऊ नये. खोलीत ३० अंश सेल्सिअस म्हणजे ८६ फॅरनहाइट आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर बेरीज १६१ होते. मुंबईत किंवा गोव्यात मे महिन्यात हे रोजचेच आकडे आहेत. एसी २४ अंशांवर आहे एवढ्याने भागत नाही. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असली, तर तिथेही बेरीज १५५ होते. पंख्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण ज्याला घामच येत नाही त्याला वाऱ्याने गारवा वाटत नाही. ज्याच्या घरात वीज जाते आणि इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, त्याने मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात चिंचिला पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्माघात झालेला चिंचिला अंग पसरून आडवा पडतो, धापा टाकतो, तोंडातून लाळ येते, हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही. त्याला ताबडतोब घरातल्या सर्वांत थंड खोलीत न्यावे आणि शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या गार फरशीवर ठेवावे. गार पाण्यात भिजवून पिळलेल्या रुमालाने कान आणि तळपाय पुसत राहावेत. गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून अंगाजवळ ठेवावी, अंगाला चिकटवू नये. बर्फाच्या पाण्यात बुडवणे किंवा अंगावर पाणी ओतणे पूर्णपणे वर्ज्य: अचानक गारठ्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आतली उष्णता आतच कोंडते, शिवाय दाट केस तासन्‌तास ओले राहतात. शुद्धीवर असेल आणि स्वतः चाटत असेल, तर पाण्याचे थेंब ओठांशी धरावेत. कान नेहमीसारखे फिकट झाले की गारवा देणे थांबवावे, नाहीतर तापमान खाली कोसळते. प्राणी उठून बसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आतड्यांना आणि मूत्रपिंडांना झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

इतर अपघात

नख तुटून रक्त आले, तर कॉर्नफ्लोअर किंवा पावडर टोकाला दाबून धरावी. खोल जखमेत पावडर घालू नये. ती सलाईनने धुऊन गॉजने दाबावी आणि दवाखान्यात जावे. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद आणि चाटला जाईल असा कोणताही मलम यांपासून दूर राहावे. जखम, डोळ्याची इजा किंवा शस्त्रक्रिया असेल, तर धूळस्नान, म्हणजे अंग साफ करण्यासाठी बारीक धुळीत लोळणे, बंद ठेवावे.

घाबरलेल्या चिंचिलाला घट्ट पकडले की केसांचा पुंजका हातात येतो. त्वचा गुळगुळीत आणि कोरडी असेल, तर काही करण्याची गरज नाही. काही महिन्यांत केस परत येतात. त्याच जागी खपली, लाली किंवा कोंडा असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून हातमोजे घालावेत.

पाय उचलून धरत असेल किंवा लोंबत असेल, तर बहुधा नडगीचे हाड मोडलेले असते. हे हाड लांब आणि अतिशय नाजूक असते आणि तारेच्या जाळीत पाय अडकून मोडते. घरी काठी बांधू नये. फळ्या, चाक काढून टाकून लहान खोक्यात टॉवेलवर ठेवावे आणि तसेच न्यावे.

घशात काही अडकले, तर प्राणी मान ताणतो, लाळ गाळतो, ओकारी काढल्यासारखे करतो. श्वास चालू असेल तर हलवाहलव न करता दवाखाना गाठावा. श्वास पूर्ण अडला असेल, तर छातीखाली आणि कमरेला घट्ट आधार देऊन काही क्षण डोके खाली करावे आणि तोंडासमोर आलेली वस्तू तेवढी काढावी. बोट आत घालून चाचपू नये, ती आणखी आत जाते. झटका आला असेल, तर अंधार करावा, आसपासच्या वस्तू हलवाव्यात, किती वेळ टिकला ते घड्याळात पाहावे, शक्य झाल्यास फोनवर चित्रित करावे, आणि तोंडात काहीही घालू नये.

नरांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत: शिश्नाभोवती केसांचे घट्ट कडे तयार होते, रक्तपुरवठा अडतो, प्राणी सारखा तिथे चाटतो आणि खाणे सोडतो. महिन्यातून एकदा तपासावे. कडे दिसले, तर पाण्यात विरघळणारे वंगण लावून ते सैल होते का पाहावे. सूज असेल तर हात न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

भरवण्याआधी

भरवण्याची घाई हीच यातली सर्वांत मोठी चूक असते. घरातले कुणीतरी म्हणते, दोन दिवस पोटात काही नाही, आधी चार घास जाऊ देत, आणि ते चार घास फुप्फुसात जातात. बेशुद्ध, झटक्यातून नुकताच सावरलेला, धापा टाकणारा, घोट न गिळणारा किंवा पोट टरटरून फुगलेला प्राणी भरवू नये. गार पडलेल्या प्राण्याची आतडी काम करत नाहीत. त्याला आधी ऊब द्यावी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नकोसे झाले की तो दुसऱ्या बाजूला सरकू शकतो. कान पुन्हा उबदार झाल्यावर पाण्याचे काही थेंब देऊन पाहावेत आणि गिळतो आहे हे दिसल्यावरच अन्न द्यावे. डॉक्टरांनी त्वचेखाली सलाईन दिले, तर हे सगळे सोपे जाते. सुकलेल्या आतड्यात चोथा घातला तर तो तिथेच दगडासारखा बसतो.

मिश्रण आणि मात्रा

रिकव्हरी फूडच्या एक भाग पावडरीत दोन भाग कोमट पाणी घालून दोन-तीन मिनिटे ठेवावे. ती फुगते, मग सिरिंजमधून न अडखळता जाईल इतपत आणखी पाणी घालावे. मिश्रण मनगटावर कोमट लागले पाहिजे. दर वेळी ताजे करावे. उरलेले फ्रीजमध्ये ठेवले तर २४ तासांत संपवावे.

पावडर मिळेपर्यंत प्राण्याच्या नेहमीच्या खाद्याच्या साध्या गोळ्या मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून, चाळून, कोमट पाण्यात भिजवाव्यात. एखाद-दुसऱ्या दिवसापुरते ते चालते. दूध, दहीभात, केळे, बाळांसाठीचे तयार धान्याचे पीठ, ग्लुकोजचे पाणी यांतले काहीही देऊ नये. साखर आणि पिष्ट सीकममध्ये पोहोचले की तिथे चुकीचे जिवाणू माजतात आणि वायू वाढतो. ग्राइप वॉटर आणि हिंगाचे पाणी यांच्या बाबतीतही उत्तर नाही असेच आहे.

पूर्ण मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे ५० ते ८० मिली मिश्रण अशी धरतात. ५०० ग्रॅमच्या चिंचिलाला म्हणजे २५ ते ४० मिली, आणि ते पाच वेळांत विभागले तर एका वेळी ५ ते ८ मिली. पहिल्या दिवशी याच्या निम्मेच द्यावे: एका वेळी २-३ मिली, दर तीन-चार तासांनी, रात्रीही एकदा उठून. लेंड्या येऊ लागल्या की मात्रा वाढवत पूर्ण करावी. प्राणी स्वतः थोडे खात असेल, तर तेवढे वजा करावे. हे आकडे प्रौढांचे आहेत. पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असली, तरी त्यांचे वजन ३० ते ६० ग्रॅम असते आणि त्यांना दूधच लागते. आई नसलेल्या पिलासाठी डॉक्टरांकडून वेगळे वेळापत्रक घ्यावे.

भरवताना

प्राण्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर किंवा टेबलावर, चारही पायांवर बसलेल्या नैसर्गिक स्थितीत धरावे. टॉवेल छातीवर आवळू नये. लहान छातीला फुगायला जागा लागते. पाठीवर उताणे करून भरवू नये आणि मान मागे वाकवू नये. डाव्या हाताच्या तळव्यात त्याचे डोके मागून अलगद स्थिर करावे. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये मोकळी जागा असते. सिरिंजचे टोक ओठाच्या कोपऱ्यातून, बाजूने, तिथे सरकवावे आणि घशाच्या दिशेने न धरता जिभेवर आडवे राहील असे ठेवावे. एका वेळी ०.२ मिली, फार तर ०.३ मिली सोडावे आणि थांबावे. जबडा आडवा हलू लागतो, मिशा थरथरतात, मग गिळल्याची हालचाल दिसते. ती दिसल्याशिवाय पुढचा घास देऊ नये. चावत नसेल, तर सिरिंजच्या टोकाने जीभ हलकी कुरवाळावी. मिश्रण ओठांतून बाहेर आले, तर ते पोटात गेले नाही असे मोजावे. नाकातून आले, खोकला आला किंवा ओला आवाज आला, तर तत्काळ थांबून डोके किंचित खाली करावे आणि ती वेळ सोडून द्यावी.

एक बैठक १५ ते २० मिनिटांपेक्षा लांबवू नये. काही प्राणी दुसऱ्या दिवसापासून चमच्यातून किंवा बशीतून स्वतःच चाटतात, म्हणून सिरिंज पुढे करण्याआधी दर वेळी बशी दाखवावी. भरवल्यावर हनुवटी आणि छाती ओल्या गॉजने पुसून कोरडी करावी, कारण वाळलेले हिरवे मिश्रण केसांत कडक होते आणि खालची त्वचा सोलवटते. सिरिंज गरम पाण्याने धुऊन वाळवाव्यात. रबराचा दट्ट्या अडखळू लागला की ती फेकून द्यावी, कारण झटक्यासरशी घशात गेलेला १ मिली जिवावर बेततो.

भरवण्याच्या काळातही टिमोथी किंवा ओटचे वाळलेले गवत आणि ताजे पाणी समोर हवेच. लसूणघास (अल्फाल्फा) प्रौढांना रोजच्या आहारात नको, पण आजारात भूक चाळवण्यासाठी दोन काड्या द्यायला हरकत नाही.

औषधांबाबत

अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन तोंडावाटे दिल्यास चिंचिलाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लोस्ट्रिडियम माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी दगावू शकतो. कुत्र्यामांजरांना ही औषधे सर्रास दिली जातात, म्हणून चिठ्ठीवरचे नाव वाचून डॉक्टरांना सरळ विचारावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तुकडा करूनही देऊ नयेत. वेदना कमी झाल्याशिवाय मात्र आतडी सुटत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी वेदनाशामक लिहिले नसेल तर ते का, हेही विचारावे. आतड्यांना चालना देणारी औषधे वाट अडलेली नाही याची खात्री झाल्यावरच देतात, तो निर्णय त्यांचाच.

सोडवणूक

वहीत तारीख, वजन, दिलेले मिली, लेंड्यांची अंदाजे संख्या आणि औषध एवढे रोज लिहावे. वजन सकाळी भरवण्यापूर्वी घ्यावे. पहिल्या दोन दिवसांत ते वाढले नाही तरी चालेल, घसरता कामा नये; पूर्ण मात्रा देऊनही घसरत असेल किंवा २४ तासांत एकही लेंडी आली नाही, तर पुन्हा दवाखाना. बरे होताना येणाऱ्या पहिल्या लेंड्या लहान, वेड्यावाकड्या, कधी चिकट श्लेष्माने माखलेल्या असतात. त्याने घाबरून जाऊ नये.

प्राणी स्वतः गवत चावू लागला, तरी त्याच दिवशी भरवणे बंद करू नये. आधी रात्रीची एक वेळ कमी करावी, कारण चिंचिला रात्रीच स्वतः खातो. दुसऱ्या सकाळी वजन टिकले तर आणखी एक वेळ कमी करावी, घटले तर मागच्या मात्रेवर परत यावे. काहीही न भरवता सलग तीन-चार दिवस वजन स्थिर राहिले आणि लेंड्या पूर्वीच्या आकारावर आल्या, की सिरिंज बाजूला ठेवावी. धूळस्नान, चाक आणि वरच्या फळ्या यानंतरच परत द्याव्यात. कारण दाढांचे असेल, तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी ठरवून घ्यावी, कारण घासलेल्या दाढा तोवर परत वाढलेल्या असतात. फोडलेले पाकीट घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि त्यावरची मुदत त्याच वहीत नोंदवावी.